‘सर्व भाग मूळ’ : बंदुकीच्या एका वर्णनाचं परीक्षण

मागच्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणांचा विचार केला. त्यावर बऱ्याच श्रोत्यांनी कळवलं की सर, डोंगर आणि धूर आता पुरे, उदाहरण आमच्या जगातलं द्या. मागणी रास्त आहे. म्हणून आज आमच्या समोर एक कागद आहे, आणि त्या कागदाचं परीक्षण करायचं आहे. कवितेचं करतात तसंच, ओळ धरून.

आधी कागद कुठला ते सांगतो. आमच्या येलदरीच्या बाजूची काही मंडळी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या वस्तूंचं एक छोटं दालन करू पाहताहेत. एकच खोली आहे. वर्गणी काढून उभी राहिलेली. कोणी जुनी टोपी दिली, कोणी सुटकेचा कागद दिला, कोणी नुसता फोटो. आता त्यांना एक रायफल विकत घ्यायची आहे. विक्रेत्यानं वस्तूचं वर्णन पाठवलं, ते असं : ‘अस्सल ब्रिटिश मार्टिनी-हेन्री रायफल. हिंगोली छावणीत वापरलेली. १९४८ साली रझाकारांकडून हस्तगत. सर्व भाग मूळ, चालू स्थितीत.’ किंमत आम्ही सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या रकमेत चांगली बैलजोडी येईल आणि वर गाडीही येईल.

चार वाक्यं. पण मोजून पाहा, दावे पाच आहेत. आणि गंमत अशी की पाचही दावे वेगवेगळ्या जातीचे आहेत. वस्तू मार्टिनी-हेन्री आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहता येतं. ती हिंगोलीला होती, हे पाहता येत नाही, अनुमान करावं लागतं. रझाकाराकडून घेतली, हे कोणीतरी सांगितल्याशिवाय कळायचा मार्गच नाही. ‘सर्व भाग मूळ’ हे तर तत्त्वज्ञानाचं वाक्य आहे, विक्रेत्याला ते माहीत नसलं तरी. आणि ‘चालू स्थितीत’ हे शेवटचे दोन शब्द, जे त्यानं किंमत वाढावी म्हणून लिहिलेत, त्यांच्यामुळे ही मंडळी थेट पोलीस ठाण्यात जाऊ शकतात. त्याकडे आपण शेवटी येऊ.

प्रत्यक्षापासून सुरुवात करू. मार्टिनी-हेन्री म्हणजे काय? ब्रिटिश सैन्यानं १८७१ मध्ये स्वीकारलेली, मागून एकेक काडतूस भरायची रायफल. नावातच दोन माणसं आहेत. फ्रीडरिश फॉन मार्टिनी यानं तिची मागची यंत्रणा बसवली, तीही पीबॉडी नावाच्या अमेरिकन माणसाच्या कल्पनेवरून. आणि एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्रीनं नळी दिली, सात खाचांची. दस्त्याखाली एक दांडा असतो. तो खाली ओढला की आतला ठोकळा पुढच्या बाजूनं खाली झुकतो, काडतूस सरकवायचं, दांडा वर करायचा, झालं. बाहेर घोडा दिसत नाही, तो आतच असतो. लांबी साधारण ४९ इंच, वजन चार किलोच्या आसपास. नळीचं तोंड .४५० इंच, म्हणजे जवळजवळ साडेअकरा मिलिमीटर.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी. व्हर्निअर कॅलिपर कुठल्याही कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळतो. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करायची, दांडा खाली ओढून आत बोट घालून, विक्रेता ‘रिकामीच आहे हो’ म्हणाला तरी. मग नळीचं तोंड मोजायचं. साडेअकरा आलं तर पुढे बोलू. ७.७ च्या जवळ आलं तर ती .३०३ ची नळी आहे. म्हणजे ढाचा मार्टिनीचा, पण नळी बदललेली. असं खुद्द सरकारनंच केलं होतं, १८९० च्या दशकात जुन्या मार्टिनींना नवी नळी लावून मार्टिनी-एनफील्ड केल्या. ती बनावट नव्हे. पण ती मार्टिनी-हेन्रीही नव्हे, कारण हेन्री गेला, त्याची नळीच गेली.

मग नळीत बघायचं. मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरायचा, त्यावर उजेड पाडायचा, आणि पुढून पाहायचं. खाचा वळत गेलेल्या दिसल्या पाहिजेत. त्या खाचांमुळेच तिला रायफल म्हणायचं, नाहीतर ती नुसती बंदूक. इथे थोडं थांबतो, कारण आपल्या देशात या खाचांना एक राजकीय इतिहास आहे. १८५७ च्या उठावाआधी जी एनफील्ड आली, जिच्या काडतुसांवरून एवढं रामायण झालं, ती .५७७ ची खाचांची रायफल होती. उठाव मोडल्यावर सरकारनं काय केलं? हिंदी शिपायांसाठी तीच बंदूक, तोच दस्ता, तसंच रूप, पण नळी आतून मोठी आणि गुळगुळीत करून काढली. .६५६ इंच, खाचा नाहीत, मागचा निशाणा साधा ठोकळ्याचा. बाहेरून गोऱ्या शिपायाच्या आणि हिंदी शिपायाच्या खांद्यावर एकच हत्यार. आतून एकाचं लांब पल्ल्याचं, दुसऱ्याचं जवळचं. अविश्वास नळीच्या आत लिहून ठेवला होता, आणि तो दीडशे वर्षांनीही कॅलिपरनं मोजता येतो. पुढे विसाव्या शतकातही पोलिसांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफील्डच्या नळ्या गुळगुळीत करून .४१० ची एकेरी मस्केट केली गेली. खेड्यापाड्यात ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून जे दाखवतात, त्यातलं कितीतरी हेच असतं. म्हणून आम्ही म्हणतो, बाहेरचं रूप पाहून बोलू नका. लक्षणात अतिव्याप्तीचा दोष येतो. जे रायफल नाही तेही रायफल म्हणून आत शिरतं.

आता दुसरा भाग, अक्षरांचा. मार्टिनी-हेन्रीच्या उजव्या अंगाला मुकुट असतो, त्याखाली व्ही. आर. अशी अक्षरं, म्हणजे राणी व्हिक्टोरिया. मग बनवणाऱ्याचं नाव, एनफील्ड किंवा बी. एस. ए. वगैरे, मग साल, आणि कितवा प्रकार त्याचा आकडा. विक्रेत्यानं त्या बाजूचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘शिक्का स्पष्ट, त्यामुळे अस्सल.’

हे ‘त्यामुळे’ बघा. न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. जो हेतू साध्याबरोबरही राहतो आणि साध्य नसतं तिथेही राहतो, तो काही सिद्ध करत नाही. धूर पाहून अग्नी म्हणता येतं, कारण अग्नीशिवाय धूर नसतो. पण शिक्का अस्सल बंदुकीवर असतो आणि नकली बंदुकीवर तर हमखास असतो. नकली करणारा दुसरं काही विसरेल, शिक्का विसरणार नाही. खैबर खिंडीच्या बाजूला, दर्रा आदमखेल या गावात, पठाण कारागीर शंभर वर्षांहून जास्त काळ ब्रिटिश बंदुकांच्या नकला करत आलेत, हातानं, कानस आणि छोट्या भट्टीवर. कारागिरी म्हणून आम्हाला त्यांचं कौतुकच आहे. पण त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. ते अक्षरं चित्रासारखी काढत. म्हणून एनफील्डमधला ‘एन’ उलटा निघतो. मुकुट चपटा होतो. अक्षरांची ओळ चालत नाही. आणि सगळ्यात मजेची खूण म्हणजे व्ही. आर. च्या खाली १९०६ किंवा १९१२ असं साल. राणी तर जानेवारी १९०१ मध्येच वारली. म्हणजे ज्या शिक्क्यानं अस्सलपणा सिद्ध करायचा, तोच उलटं सिद्ध करतो. याला विरुद्ध हेतू म्हणतात. तर्काच्या पुस्तकात याचं चांगलं उदाहरण शोधताना आम्ही वर्गात वर्षानुवर्षं घाम गाळला. इथे ते लोखंडावर कोरलेलं मिळतं.

२००१ नंतर अमेरिकन सैनिक अफगाणिस्तानात गेले, तेव्हा तिथल्या बाजारातून त्यांनी अशा मार्टिनी आठवण म्हणून घरी नेल्या. त्यातल्या बऱ्याच अशाच निघाल्या. म्हणजे फसवणूक फक्त आपल्याकडे आणि आपल्या गरीब मंडळींची होते असं काही नाही. त्याउलट खरा माल अगदी अनपेक्षित जागी सापडतो. काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यात, लगन सिलेखान्यात, ब्रिटिश आणि नेपाळी बनावटीच्या हजारो बंदुका पडून होत्या. २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी तो सगळा साठा विकत घेतला.

या नेपाळी मालाबद्दल आपल्या लोकांना खास सांगायला हवं. नेपाळनं मार्टिनीसारखीच दिसणारी आपली रायफल केली, तिला गहेंद्र म्हणतात. आतली यंत्रणा वेगळी, बाहेरून बहीणच. आणि तिकडच्या शस्त्रांवर अक्षरं नि आकडे देवनागरीत असतात. आता विचार करा, मराठवाड्यातला कोणी माणूस जुन्या रायफलीवर देवनागरी अक्षरं पाहील तर काय म्हणेल? ‘ही मराठी दिसते!’ आणि त्यावर १९४५ असा आकडा असेल तर? ‘बघा, रझाकारांच्या वेळची.’ पण नेपाळात विक्रम संवत चालतं. संवत १९४५ म्हणजे इसवी सन १८८८-८९. लिपी आपली आणि आकडाही आपला, पण कालगणना आपली नाही. वाचता येणं आणि अर्थ कळणं यात एवढं अंतर असतं.

बरं, शिक्का बरोबर निघाला असं धरून चालू. साल १८७९, एनफील्ड, अक्षरं सरळ, मापं जुळतात. पहिला दावा पास. आता ‘हिंगोली छावणीत वापरलेली’.

हिंगोलीबद्दल नव्या श्रोत्यांसाठी दोन वाक्यं. हिंगोली १९९९ पर्यंत आमच्या परभणी जिल्ह्यातच होती. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची जी फौज होती, हैदराबाद कंटिंजेंट, तिची हिंगोली ही एक जुनी छावणी. या फौजेच्या पगारापोटी १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल किंवा नसेलही. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि कंटिंजेंट हे नाव संपलं.

विक्रेत्याचा पुरावा काय? दस्त्यावर ‘एच. सी.’ अशी दोन अक्षरं ठोकलेली आहेत, आणि खाली एक आकडा. म्हणून हैदराबाद कंटिंजेंट. ऐकायला किती गोड! पण दोन अक्षरांतून किती नावं निघतील? तुम्ही घरी बसून कागदावर मांडून बघा. एखाद्या तुकडीचं नाव, एखाद्या संस्थानाचं नाव, एखाद्या गोऱ्या मालकाच्या नावाची आद्याक्षरं, एखाद्या शाळेचं कॅडेट पथक. दोन अक्षरं सगळ्यांना पुरतात. अक्षरांना अर्थ हवा असेल तर त्यांच्याबरोबर दुसरं काही जुळलं पाहिजे. तारीख जुळते, कारण १८७९ आणि १९०३ यांत विरोध नाही. याचा अर्थ दावा अशक्य नाही. बस, एवढाच अर्थ. आपल्याकडे ‘शक्य आहे’ पासून ‘आहेच’ पर्यंत लोक एका उडीत जातात. मधल्या पायऱ्या कोणी चढत नाही.

मधली पायरी म्हणजे अनुपलब्धी. मीमांसक म्हणतात की जे असायला हवं ते नसणं, हेही ज्ञान आहे. पंचवीस वर्षं छावणीत रोज कवायत केलेली बंदूक कशी दिसेल? दस्त्याच्या तळाचं लोखंड जमिनीवर आपटून घासलेलं असेल. संगीन लावायच्या जागी लोखंड चमकत असेल. मागचा निशाणा वरखाली करून त्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतील. आणि अक्षरं? जी अक्षरं त्या काळात ठोकली, त्यांच्या कडाही लाकडाबरोबर झिजल्या असतील. आजूबाजूचं लाकूड जुनं आणि अक्षरांच्या कडा मात्र कोऱ्या करकरीत असतील, तर अक्षरं नंतरची आहेत. यासाठी शास्त्रज्ञ लागत नाही. दहा रुपयांचं भिंग आणि थोडा धीर पुरतो. आमच्या मंडळींना आम्ही हेच सांगितलं की फोटोतून हे कळणार नाही, बोटानं पाहावं लागेल, जावं लागेल.

आणि इथे एक तक्रार नोंदवतो, आपल्या सगळ्यांबद्दलच. आपल्याला चकचकीत वस्तू आवडते. खंडेनवमीला हत्यारं घासून पुसून पूजेला मांडायची, तांब्याची भांडी चिंचेनं लख्ख करायची, ही आपली रीत आहे आणि चांगली आहे. पण विकणारा माणूस तोच हात जुन्या बंदुकीवर फिरवतो. चाकावर लोखंड घासतो, लाकूड पॉलिश करतो. त्यात अक्षरं अर्धी बुजतात, झिजेच्या खुणा जातात, स्क्रूची डोकी खराब होतात, आणि वस्तू ‘नवीनसारखी’ होते. जाणते संग्राहक अशी वस्तू कमी किमतीतही घ्यायला तयार होत नाहीत. देवळातल्या मूर्तीवर शेंदराचे थर चढतात तेव्हा निदान आत मूर्ती शाबूत असते. थर निघाला की दिसते. इथे उलट आहे. घासून जे गेलं ते कोणत्याही उपायानं परत येत नाही.

तिसरा दावा, आमच्या मते सगळ्यात गंभीर. ‘१९४८ साली रझाकारांकडून हस्तगत.’

याला प्रमाण फक्त शब्द. कोणीतरी सांगितलं म्हणून. शब्दप्रमाणाला आम्ही कमी लेखत नाही, आपलं निम्मं ज्ञान त्यावरच चालतं. पण प्रश्न विचारायचा, की हा शब्द कुठे राहतो? आमचं वर्गीकरण अगदी घरगुती आहे. पुरावा वस्तूच्या अंगावर आहे, वस्तूच्या डबीवर आहे, की माणसाच्या तोंडात आहे?

वस्तूच्या अंगावरचं उदाहरण ताजं आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावात महाराष्ट्र शासनानं नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, ४७ लाख १५ हजार रुपयांना. ती फिरंग आहे, पातं युरोपातलं. पण पात्याच्या पाठीवर सोन्यानं, देवनागरीत, रघुजींचं नाव आणि सेनासाहेब सुभा ही पदवी आहे. वस्तू स्वतः बोलते. तरीही ती काय बोलते आणि काय बोलत नाही ते वेगळं करा. ती तलवार रघुजींच्या नावाची आहे, हे ती सांगते. ती नागपुराहून इंग्लंडला कशी गेली, हे ती सांगत नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली असावी, हे अनुमान आहे. चांगलं अनुमान आहे, पण अनुमानच.

डबीवरचं उदाहरण वाघनखांचं. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट संग्रहालयातून ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. त्या वाघनखांवर काही लिहिलेलं नाही. जे लिहिलंय ते त्यांच्या पेटीवर. की ही शिवाजी महाराजांची, आणि ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना त्याला मिळालेली. ज्या संग्रहालयाकडे ती होती त्यानंच नोंदवून ठेवलं की महाराजांनी वापरली ती हीच, हे पडताळता आलेलं नाही. आपल्याकडे यावर केवढा गदारोळ झाला! आम्हाला मात्र ती नोंद फार आवडली. स्वतःच्या संग्रहातल्या एका प्रसिद्ध वस्तूबद्दल ‘आम्हाला एवढंच ठाऊक आहे’ असं लिहायला संस्थेच्या अंगात बळ लागतं. ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो ठाऊक आहे तसंच सांगतो, त्याला न्यायवाले आप्त म्हणतात. दर्शनार्थी जमावेत म्हणून जास्त सांगणारा आप्त नव्हे.

आमच्या रायफलीचा तिसरा दावा ना अंगावर आहे, ना डबीवर. तो विक्रेत्याच्या तोंडात आहे. आणि त्याच्या तोंडात तो कुठून आला? ‘ज्यांच्याकडून घेतली त्यांनी सांगितलं.’ त्यांचं नाव? ‘ते देता येत नाही.’ मग साखळी तिथेच तुटली. पावती, पंचनामा, जमा केलेल्या शस्त्रांच्या यादीतला नंबर, निदान घरच्या कोणाच्या हातची एक चिठ्ठी, यातलं काही असतं तर बोलता आलं असतं.

वस्तुस्थितीही बघा. सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ तारखेच्या त्या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली. बऱ्याच रझाकारांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि भाले होते, चांगल्या रायफली मर्यादित. म्हणजे सत्तर वर्षांची जुनी मार्टिनी एखाद्याच्या हातात असणं अजिबात अशक्य नाही. उलट हेच जास्त पटण्यासारखं आहे. पण बाजारात तसंच येत नाही. बाजारात प्रत्येक रायफल रझाकाराची असते, जशी प्रत्येक जुनी तलवार कुठल्या तरी मोठ्या सरदाराची असते. साध्या शिपायाची तलवार आम्ही अजून कोणी विकायला आणलेली पाहिली नाही. मग ते लाखभर शिपाई काय हात हलवत लढले?

कोणी म्हणेल, सर, एवढं काय त्यात? एक बंदूक. लोकांना बघून स्फूर्ती मिळाली म्हणजे झालं. आमच्या मंडळींपैकी एकजण नेमकं हेच म्हणाले, आणि तळमळीनं म्हणाले. त्यांना आम्ही जे सांगितलं ते इथेही सांगतो. त्या खोलीत ज्यांचे सुटकेचे कागद भिंतीवर आहेत, त्यांचा तुरुंगवास खरा आहे. ज्यांचे फोटो आहेत, त्यांची घरं खरोखर जळाली. त्यांच्याजवळ पुरावा थोडाच आहे, कारण खेड्यातल्या माणसाच्या दुःखाचा कागद कोणी करत नाही. अशा खोलीच्या मधोमध एक खोटी रायफल ठेवली आणि उद्या एखादा जाणता पोरगा मोबाईलवर शोधून म्हणाला की यावरचा ‘एन’ उलटा आहे, तर तो तिथेच थांबणार नाही. तो भिंतीवरच्या कागदांकडेही त्याच नजरेनं बघेल. आणि त्याला दोष देता येणार नाही, कारण शेजारच्या वस्तूनं त्याला तसंच शिकवलं.

आता ‘सर्व भाग मूळ’. हे वाक्य वाचून आम्हाला मिलिंदपन्ह आठवला. नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाकं का? नाही. आस? नाही. जू? नाही. मग रथ कुठे आहे? राजाची अडचण खरी होती आणि बंदुकीच्या बाबतीतही ती खरीच आहे. छावणीच्या शस्त्रागारात लोहार होते, सुतार होते. दस्ता फुटला की नवा बसवत, कमान तुटली की दुसऱ्या बंदुकीची लावत. पंचवीस वर्षं नोकरीत राहिलेली आणि एकही भाग न बदललेली रायफल म्हणजे जवळजवळ चमत्कार. म्हणून ‘सर्व भाग मूळ’ आणि ‘छावणीत वापरलेली’ हे दोन दावे एकमेकांच्या पायात पाय घालतात. खूप वापरलेली असेल तर सगळं मूळ असण्याची शक्यता कमी. सगळं मूळ असेल तर ती बहुधा कोठारातच पडून होती. विक्रेत्याला दोन्हीचे पैसे हवे आहेत.

मग आपण काय मागायचं? नोकरीच्या काळात बदललेला भाग आणि विकण्यासाठी बदललेला भाग, या दोघांत भेद करायचा. पहिला भाग तिच्या आयुष्याचाच हिस्सा आहे. त्यावर तपासणीचे छोटे शिक्के असतात, ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण असते. दुसरा भाग म्हणजे ठिगळ. ली-एनफील्ड असेल तर आणखी सोपं, नळी, ढाचा, बोल्ट यांवर नंबर असतात, ते जुळतात का बघायचे. आणि एन. सी. सी. त केलेल्यांना आठवत असेल, ‘डी. पी.’ अशी अक्षरं असलेल्या रायफली. ती कवायतीपुरती ठेवलेली बंदूक, गोळीबारासाठी नव्हे. तीही रंगरंगोटी करून ऐतिहासिक म्हणून फिरते.

आणि शेवटचे दोन शब्द. ‘चालू स्थितीत’.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ४५. हा कायदा कशाला लागू नाही त्याची यादी तिथे आहे. त्यात जुन्या पद्धतीचं, किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं, किंवा मोडकळीस आलेलं शस्त्र येतं, जे दुरुस्त करून वा न करता अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही. आता वाक्याची रचना पाहा. हे ‘वापरता येणार नाही’ फक्त मोडकळीस आलेल्याला लागू, की तिन्हींना? वकील दोन्हीकडून भांडतील. आमचा सल्ला साधा आहे. ज्याला संग्रहालय करायचंय त्यानं कडक अर्थ धरून चालावं. म्हणजे ‘चालू स्थितीत’ असं लिहिलेली वस्तू परवान्याशिवाय उचलायची नाही. पैसे देण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस यांच्याकडून लेखी विचारून घ्यायचं, नंतर नव्हे. वर पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ आहे, त्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. यातून एक मौज निघते. १८७९ ची रायफल लोखंड म्हणून त्या मर्यादेच्या पलीकडे गेली. पण तिचं जे मोल ही मंडळी मोजणार, ते १९४८ चं आहे, आणि १९४८ ला अजून शंभर वर्षं झालेली नाहीत. वस्तू म्हातारी आणि तिची गोष्ट तिच्यापेक्षा तरुण.

तर आमचा निकाल असा. वस्तू हातात घेऊन, मोजून, भिंगानं पाहून पहिला दावा टिकला, तर मार्टिनी-हेन्री म्हणून तिची जी किंमत असेल ती द्यावी. तीही परवानगी लेखी मिळाल्यावर, आणि यंत्रणा कायमची निकामी करायची तर सरकारी माणसासमोर. हिंगोलीसाठी एक पैसा जास्त देऊ नये. रझाकारासाठी तर नाहीच. आणि खाली पाटी लावायची ती आम्ही लिहून दिली आहे : ‘मार्टिनी-हेन्री रायफल, एनफील्ड, १८७९. विक्रेत्याच्या सांगण्यानुसार १९४८ च्या काळात या भागात होती. लेखी पुरावा उपलब्ध नाही.’ मंडळींपैकी काहींना ही पाटी रुचली नाही. म्हणाले, एवढे पैसे देऊन ‘पुरावा नाही’ असं लिहायचं? आम्ही म्हणालो, मग पैसे देऊ नका. ती रक्कम घेऊन अजून हयात असलेल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडे जा, एक चांगला रेकॉर्डर घ्या, आणि त्यांना बोलू द्या. तेही शब्दप्रमाणच आहे. पण तिथे सांगणारा समोर बसलेला असतो, त्याला उलट प्रश्न विचारता येतो, आणि त्याला काही विकायचं नसतं.

विक्रेत्याला मंडळींनी एकच प्रश्न लिहून पाठवला आहे : वर्णनातले पाचही दावे पावतीवर सहीनिशी लिहून द्याल का? उत्तर अजून आलेलं नाही. कोणाचे प्रश्न असतील तर खाली लिहा. अनुपलब्धीबद्दल नीट बोलायचं राहिलं आहे, ते पुढच्या खेपेला घेऊ.